अर्धी फेरी

शांती नगरच्या बागेत सकाळी माझ्याबरोबर चालणाऱ्या मंडळींनी माझी एक खोड बरोबर पकडलीये. अर्धी फेरी होईपर्यंत मी भरपूर बोलतो. गुडघे, सोसायटीची लिफ्ट, भाज्या, नातवंडं, कशावरही. बागेच्या टोकाला पाण्याची टाकी आहे. तिथून वळलो की माझं तोंड आपोआप बंद होतं. आमच्याच मजल्यावरचे मेहताभाई एकदा म्हणाले, "साहेब, आपकी बॅटरी रोज उधर ही क्यूँ उतर जाती है?" मी हसून वेळ मारून नेली. खरं सांगायला गेलो असतो तर अख्खी नोकरी सांगावी लागली असती, आणि मेहताभाईंना घरी जाऊन नाश्ता करायचा होता.

तुम्हाला दिवाळीचा फराळ करता करता वेळ असेल तर सांगतो.

मी एका मोठ्या खात्याच्या क्रीडा विभागात होतो. खातं कुठलं ते सोडा. कागदावर माझा हुद्दा लांबलचक होता, पण सगळ्या मैदानांवर मी 'कबड्डीचे मॅनेजर सर'. पुढे पुढे देशाचा संघ निवडायचं शिबिर भरलं की तिथेही मलाच पाठवायचे. लोकांना वाटतं मॅनेजर म्हणजे कोट घालून संघाच्या बाजूला बसणारा माणूस. अहो, तो कोट फोटोपुरता. मॅनेजर म्हणजे ज्याला कुणाचा बूट किती नंबरचा, कुणाला दूध पचत नाही, कुणाची बायको बाळंतपणाला माहेरी गेलीये, हे सगळं ठाऊक असतं. खेळ शिकवायला कोच असतो. निवड करायला समिती असते. उरलेलं सगळं मॅनेजरचं, आणि त्या उरलेल्यात एक काम असं की जे कुणालाच नको असतं. ज्यांची निवड झाली नाही त्यांना ते सांगायचं. आमच्यात त्याला सरळ 'नारळ द्यायचं काम' म्हणायचे.

मी नवीन होतो तेव्हा हे काम भिंतीवर व्हायचं. यादी चिकटवायची आणि आपण पोबारा करायचा. पोरं धावत यायची, बोट फिरवत नाव शोधायची. ज्याचं नाव नसायचं तो पुन्हा वरून खाली बोट फिरवायचा. सगळ्यांच्या देखत. मला ते बघवायचं नाही.

म्हणून मी माझी एक पद्धत काढली. यादी लावायच्या आधी एकेकाला हाक मारायची. "चल रे, एक फेरी मारू." मैदानाला कडेकडेने फेरी. जाताना इकडचं तिकडचं बोलायचं. लांबच्या टोकाला पोचलो, म्हणजे जिथून बाकीच्यांना आमचे चेहरे दिसत नाहीत, की थांबायचं आणि सरळ सांगायचं. फाटे फोडायचे नाहीत. आणि मग उरलेली अर्धी फेरी गप्प चालायचं. ती अर्धी फेरी त्याची. त्यात त्याने रडावं, शिव्या द्याव्यात, नाक पुसावं, काहीही करावं. मंडळींच्या समोर येईपर्यंत चेहरा जागेवर आलेला असायचा.

आणि हो, निवड झालेल्यांनाही मी फेरीला न्यायचो. नाहीतर मी हाक मारली की बातमी फुटलीच. एकदा कोच चिडून म्हणाला, "सर, तुम्ही सगळ्यांना फिरवत बसणार, इकडे सराव कधी करायचा?" मी म्हटलं, आजच्या दिवस पोरांचे पाय माझे.

त्या अर्ध्या फेरीत मी काय काय ऐकलंय. रायगडकडचा एक चढाईवाला वळल्यावर फक्त एवढंच म्हणाला, "सर, जेवून निघू की आधी?" मी म्हटलं, जेवून जा रे, आज चिकन आहे. तो जेवला. दोनदा वाढून घेतलं त्याने. अजूनही आमच्या घरी चिकन झालं की मला तो आठवतो आणि माझा हात ताटात थांबतो.

मग पोरांच्या हातात फोन आले.

पहिल्यांदा गंमतच वाटली. कबड्डीची पानं निघाली फोनवर, चाहत्यांची. कोण खेळणार, कोण दुखापतीत, कोण कुठल्या संघात. बरंचसं हवेतलं. विलास म्हणून आमचा एक जुना खेळाडू. तो एके दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा. हातात फोन, चेहरा गोंधळलेला.

"सर, मी रिटायर झालोय का?"

"माझ्याकडे तसं काही आलेलं नाही," मी म्हटलं. "तुझ्याकडे आलंय का?"

"नाही ना. पण सगळीकडे आलंय. शुभेच्छा येतायत. सासरे शाल घेऊन निघालेत घरून."

सासरे आले. त्यांनी शाल घातली, विलासने ती घेतली, पाया पडला आणि संध्याकाळी सरावाला आला. पुढे चांगला खेळला तो बरीच वर्षं. शाल थंडीत शिबिरात पांघरायचा.

पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. एका शिबिरात सकाळी सगळे नाश्त्याला बसलेले. माझ्या फेऱ्या नाश्त्यानंतर सुरू व्हायच्या होत्या. एका टोकाला एक फोन वाजला, मग दुसरा, मग टेबलभर सगळेच थरथरायला लागले. पोरं फोन बघायची आणि मग एकाच ताटाकडे बघायची. ज्याच्याकडे बघत होते त्याचा फोन खोलीत चार्जिंगला होता. तो दूध पीत होता. त्याने ग्लास खाली ठेवला, सगळ्यांकडे बघितलं, आणि त्याला कळलं. त्या पोराच्या चेहऱ्याला लपायला जागाच नव्हती. मी उठेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. यादी समितीच्या खोलीतून कशी बाहेर पडायची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कुणाचा भाचा, कुणाचा ड्रायव्हर, कुणाचा जुना मित्र. विचारलं की सगळे आकाशाकडे बघायचे.

आता सायमनचं सांगतो. ते सांगायचं म्हणूनच हे सगळं.

सायमन चौकचा. आपल्या उत्तनच्या पुढे, बस जिथे संपते ते गाव. मासेमारीचं गाव. त्याचे वडील पास्कू, तिकडे त्यांना पास्कू तांडेल म्हणतात, म्हणजे बोट चालवणारा, बोटीवरचा मुख्य माणूस. सायमन पहिल्यांदा चाचणीला आला तेव्हा मी त्याचे हात बघितले होते. तळवे दोरांनी घासून कडक झालेले. डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि चढाईवाल्याचा घोटा धरला की सोडायचा नाही. कोच म्हणायचा, याला पकड शिकवायची गरज नाही, हा जाळं ओढून आलाय.

देशाच्या संघापर्यंत तो कितीतरी वेळा आला आणि दारातून परत गेला. दोनदा तर त्याला मीच फेरीला नेलंय. दुसऱ्या वेळी वळलो आणि मंडळी दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "सर, एकदा तरी त्या टोकाला चांगलं सांगा."

हे माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं आणि सायमनचंही शेवटचंच शिबिर. तिशी उलटलेली, गुडघा बोलायला लागलेला. या वेळी नाही तर कधीच नाही, हे त्याला माहीत होतं, मलाही. शिबिर संपलं, पोरांना घरी सोडलं. समिती बसून ठरवणार आणि सोमवारी मला यादी देणार, मग मी पोरांना बोलवून घेणार, असं ठरलं होतं. सायमन फार सुंदर खेळला होता त्या शिबिरात. मी मनातल्या मनात त्याची फेरी चालूनही आलो होतो. त्या टोकाला थांबून त्याला काय सांगायचं, ते ठरवून ठेवलं होतं. या वयात माणसाने असली स्वप्नं बघू नयेत, पण बघितली.

शनिवारी सकाळी बायको मेथी निवडत बसली होती. समोर डब्याला टेकवून फोन ठेवलेला.

"अहो, यादी लागली का तुमची?"

"सोमवारी."

"मग हे काय?"

मी चष्मा शोधला. यादी होती. सगळी नावं, फोटोंसकट. सायमनचं नव्हतं. खाली लोकांनी रडणारी तोंडं टाकली होती, कुणी शिव्या घातल्या होत्या, कुणी लिहिलं होतं, बरं झालं, म्हातारा झाला होता. मॅनेजर मी, आणि मला बातमी मेथीच्या जुडीशेजारी मिळाली.

खरं की खोटं ते आधी बघायला हवं होतं. समितीतल्या एकाला फोन केला. तो म्हणाला, "हां, म्हणजे, तसंच आहे. पण तुम्ही सोमवारपर्यंत कुणाला बोलू नका." मी फोन ठेवला.

सायमनला लावला. फोन बंद आहे, म्हणाली रेकॉर्डवरची बाई. पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई. मग त्याच्या घरी लावला. त्याच्या आईने उचलला. मेरीबाय. शिबिरात एकदा सुकट घेऊन आल्या होत्या माझ्यासाठी, तेव्हापासून ओळख.

"सायमन हाय का घरी?" त्यांच्याशी बोलताना माझीही जीभ तशीच वळते.

"न्हाय सायेब. बापासंगं पान्यावर गेलाय काल. आज दुपारचे येतील." थोडं थांबून म्हणाल्या, "आमाला ठाव झालाय. पोरांनी दाखवला मोबायलवर. त्याला न्हाय ठाव."

मी विचार न करताच बोलून गेलो, "मी येतो."

निघताना आमच्या रस्त्यावरच्या जिग्नेशकडे थांबलो. मोबाइलची कव्हरं विकतो. दुकान एवढंसं, पण त्याचं कबड्डीचं पान देशभर बघतात. गोड पोरगा आहे, मला रस्त्यात भेटला की पाया पडतो.

"जिग्नेश, तूने डाला?"

"अंकल, मैं नहीं डालता तो दूसरा डालता. दो मिनट में."

"जिस लडके का नाम कट गया, उसको अभी मालूम नहीं है."

त्याने हातातलं कव्हर खाली ठेवलं. खरंच वाईट वाटलं त्याला. "ऐसा कैसे, अंकल? सबको मालूम है." आणि मग म्हणाला, "पिछले हफ्ते तो मैंने ही डाला था, सायमन पक्का. वो भी अंदर की खबर थी." काढून टाकू का, असंही विचारलं त्याने. मी म्हटलं, राहू दे, आता काय काढतोस.

रिक्षाने भाईंदर, पूल ओलांडून पश्चिमेला, आणि तिथून चौकची बस. खिडकीशी जागा मिळाली. थंडीचे दिवस, पण दुपारचं ऊन बसमध्ये आलं की डोळे मिटतात. मुर्धा, राई, मोर्वा. मिठागरांतलं पाणी पांढरं चमकत होतं आणि मधले बांध सरळ लांब लांब गेलेले. मला झोप लागली की नाही, सांगता येत नाही. पण त्या बांधांवरून माझी सगळी पोरं चालत होती. ज्यांना ज्यांना मी नारळ दिला ती सगळी. सावकाश, बसच्या वेगाने. रायगडचा तो चिकन खाणारा होता. दूध पिणारा होता. विलास शाल घेऊन होता. कुणी बोलत नव्हतं, कुणी माझ्यावर रागावलेलंही नव्हतं. नुसती चालत होती, आणि बांध काही संपत नव्हता. मला फार बरं वाटत होतं आणि रडूही येत होतं. मग कंडक्टरने डोंगरीची हाक दिली आणि समोर झाडं आली.

चौकला उतरलो तर गावात नाताळच्या चांदण्या लागलेल्या, दारोदार. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, ओळीच्या ओळी. वास तर काय, चार दिवस सदऱ्याला राहतो. मेरीबाय मांडवाच्या सावलीत टोपली घेऊन बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, नुसती जागा केली.

"आलाव? बसा. चाय सांगते."

समोर दोन उंच बांबूंवर एक मोठा बोर्ड टांगलेला होता. नाक्यानाक्यावर लागतात तसाच, फ्लेक्सचा. त्याच्यावर सायमनचा हसरा फोटो, भारताच्या जर्सीत, जी त्याने कधी घातली नव्हती, कुणीतरी कॉम्प्युटरवर चढवलेली. खाली गावातल्या सगळ्यांची नावं आणि 'अभिनंदन'. गावातली दोघंतिघं बांबूवर चढून त्याच्या दोऱ्या सोडत होती.

"हा कधी लावला?"

"मागल्या रविवारी. पक्का हाय म्हनून आला ना मोबायलवर, तवा. बापानंच लावला, वर चढून, पान्याकडं तोंड करून. येताना लांबून दिसंल म्हनून." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आता काढा म्हटला मी पोरान्ला. पोराला येता येता तो बघाया लागू नये."

मला ते पटलं. मी उठून खालचं टोक धरायलाही गेलो. बोर्ड खाली आला, पोरांनी तो गुंडाळला आणि मांडवाच्या मागे नेला.

मी विचारलं, गावातल्या कुणी बोटीवर फोन तर नाही ना केला? येता येता रेंज लागते, मला माहीत होतं. मेरीबायनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही अभद्र बोललो.

"पान्यावरच्या मान्साला वाईट खबर देत न्हाय सायेब. माझा सासरा मेला तवा पन दिली न्हाय. पाय मातीला लागू दे, मासली उतरू दे, मंग." मग मला समजावून सांगावं म्हणून, "मन एकीकडं आनि दोर एकीकडं झाला, का हात जातो."

गावात प्रत्येकाच्या खिशात फोन होता. प्रत्येकाने ती यादी बघितली होती. एकानेही लावला नव्हता. माझ्या पद्धतीला एवढी मोठी सोबत कधी मिळाली नव्हती. मी चहा पीत समुद्राकडे बघत बसलो. पाणी आणि आकाश यांच्यामधली रेघ पुसल्यासारखी झाली होती, आणि बोटी कुठे तरंगतायत तेच कळत नव्हतं. एक म्हातारी जवळा निवडत होती. मला वाटलं, हे असंच राहावं. ती बोट येऊच नये. तिथे आत कुठेतरी सायमन अजून देशाच्या संघात होता.

पण बोट आली. मेरीबायनी माझ्या आधी ओळखली. हळूहळू मोठी होत गेली, निशाण दिसलं, मग पुढच्या टोकाला उभा असलेला सायमन दिसला. मी हात वर करणार होतो. आजूबाजूला कुणीच हात वर केला नाही, म्हणून मीही नाही केला.

नांगर पडला. माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरली. टोपल्या डोक्यावरून किनाऱ्याला यायला लागल्या. पास्कू तांडेल बोटीवरून नुसते हाताने दाखवत होते, हे इकडे, ते तिकडे. सायमनने मला बघितलं. मान हलवली आणि पुन्हा टोपलीला हात घातला. बर्फ, मासळी, जाळी, सगळं उतरलं. माणशी वाटे पडले. मला घाई करता येईना. इथे सगळे आपापलं काम करतायत, जसं काही मी बोंबील घ्यायला आलोय.

शेवटी सायमन पाय धुऊन आला. अंगाला खारट वास, केसांत मिठाची पांढरी कणी. आईकडे नाही गेला, माझ्याकडे आला.

"सर, चला. एक फेरी मारू."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

आम्ही ओल्या वाळूवरून चालायला लागलो. त्याने विचारलं, गुडघे कसे आहेत तुमचे. मी विचारलं, मासळी कशी लागली. म्हणाला, बरी लागली, बोंबील चांगला होता. बसला गर्दी होती का, म्हणाला. नव्हती, मी म्हटलं. किनारा जिथे खडकांपाशी संपतो तिथे तो थांबला. मागे वळून बघितलं, तर मांडव, माणसं, सगळं धुरकट आणि लहान झालेलं. तिथून कुणाला कुणाचा चेहरा दिसला नसता. तो माझी वाट बघत होता.

मी सांगितलं. नाव नाहीये तुझं, सायमन. मला आज सकाळी कळलं, तेही फोनवर. सोमवारी सांगणार होते. मला वाटत होतं या वेळी नक्की असणार. मला फार वाईट वाटतंय.

"हां," तो म्हणाला. खडकावर पाणी येऊन परत गेलं. "मला कळलं होतं सर."

"फोन बघितलास?"

"फोन पिशवीत बांधलाय, बंद. पाण्यावर मी बघत नाही." त्याने किनाऱ्याकडे बोट दाखवलं. "बोर्ड नव्हता. जाताना तो पार आत जाईपर्यंत दिसत होता. बाबा सारखा मागे वळून बघत होता, मी चिडवत होतो त्याला. येताना बघितलं तर नुसते बांबू."

खालचं टोक मी स्वतः धरलं होतं ना.

"आणि बाबा?"

"बाबानं माझ्या आधी बघितलं असणार. त्याची नजर लांबची आहे. तो काय बोलला नाही. मी पण नाही. मला उगाच म्हणाला, जा, पुढं उभा राहा, हवा खा." आता कुठे त्याचा आवाज हलला. "पाण्यावर होतो ना, सर."

मी म्हटलं, "अरे, मग कळलं होतं तर मला का बोलू दिलंस?"

तो वळला. चालायला लागला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "आईसमोर जायचंय. मला अर्धी फेरी पाहिजे होती."

मग आम्ही गप्प चाललो. तो रडत होता, मी दुसरीकडे, समुद्राकडे बघत होतो, नेहमीसारखा. फक्त या वेळी माझ्याही नाकात पाणी आलं होतं आणि रुमाल बसमध्ये राहिला होता. त्याने स्वतःच्या गळ्यातलं फडकं काढून मला दिलं. मासळीचा वास असलेलं. मी तसंच नाक पुसलं.

मांडवाजवळ आलो तोपर्यंत त्याचा चेहरा जागेवर होता. मेरीबाय उभ्या होत्या. पास्कू तांडेल बाजूला दोर गुंडाळत बसलेले, वर न बघता. आणि मांडवापुढे वाळूवर तो बोर्ड पसरला होता. एवढं चांगलं फ्लेक्स कोण फुकट घालवतो, म्हातारी त्याच्यावर जवळा वाळत घालायला टोपली घेऊन बसली होती. पांढरी बाजू वर आणि फोटो वाळूकडे, मुद्दाम, सायमनला दिसू नये म्हणून.

सायमनने वाकून एक टोक उचललं. खाली स्वतःचं हसरं तोंड बघितलं.

"उलटा का घातला आजी? सुलटा घाल. दिसूदे."

म्हातारीने मेरीबायकडे बघितलं. हसावं की काय, कुणालाच कळेना. मग पास्कू तांडेलनी दोर खाली ठेवला, उठले, पोराच्या समोरचं टोक धरलं, आणि बापलेकांनी मिळून तो बोर्ड उलटवला. नीट, चारी कोपरे ताणून, सुरकुती न ठेवता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. म्हातारीने सायमनच्या जर्सीवर जवळा पसरायला सुरुवात केली. चेहरा मात्र तिने मोकळा ठेवला.

मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. सायमन माझ्या शेजारी बसला आणि दोनदा वाढून घेतलं. मीही घेतलं.

परतीच्या बसमध्ये मिठागरांवर ऊन तांबूस झालं होतं. मी बांधांकडे बघत होतो, पण या वेळी कुणी दिसलं नाही, नुसतं पाणी होतं. राईच्या आसपास फोन वाजला. आमच्या कार्यालयातून, वरिष्ठांचा. आवाज घाईचा. बातमी बाहेर गेलीये, म्हणाले, फार चुकीचं झालं, आता लगेच खेळाडूंना आपल्याकडून रीतसर कळलं पाहिजे.

"तो तुमच्या बाजूचा, चौकचा, सायमन. त्याला सांगायचं काम तुमच्याकडे. कळवलंत का?"

सदऱ्याच्या खिशात ते फडकं होतं. परत द्यायचं राहून गेलं होतं.

"सांगून झालं," मी म्हटलं. कुणी कुणाला सांगितलं ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही बोललो नाही. तेव्हा आमची बस वळली होती.